हिरवा चेहरा

दारावर चिकटवलेला लाल कागदी चेहरा, तळहाताएवढा, तोंड वाकडं केलेला, एका कडेने सुटत आला होता. तो नखाने सोलून काढावा म्हणून त्याने हात लावला, तर नेमकं समोरच्या बाईंनी दार उघडलं. "राहू द्या हो, रविवारी बदलतातच की!"

बदलतात. कचरा कमी असलेल्या घराला हिरवा, हसरा. जास्त असलेल्याला हा. खाली फाटकापाशी वजनकाटा, वर फळा, फळ्यावर घराघराचे गुण... हसतखेळत होईल सगळं, असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा आई हिंडतीफिरती होती.

आता ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचे डायपर काट्यावर चढत होते. भाजीच्या देठांचं खत झालं, पिशव्या धुऊन वाळत पडल्या, पण ओल्या डायपरचं काय करणार? सेक्रेटरींच्या कानावर घातलं असतं तर सूट मिळाली असती — मग फळ्यावर घरापुढे सवलतीची फुली, जिन्यात कुजबुज, 'आजींचं आता सगळं जागेवरच का हो?' नको. त्यापेक्षा तो त्यांतले मावतील तेवढे कागदात गुंडाळून, डब्याच्या पिशवीतून, बसमध्ये मांडीवर घेऊन ऑफिसला नेत होता, आणि कुणी नाहीसं बघून तिथल्या कचरापेटीत टाकत होता. चोरासारखं! हाताखाली माणसं असलेला साहेब, आणि एका चिकटचित्रापायी हे धंदे. चीड यायची, पण ती काढायची कुणावर?

"बाबा, हिरवा! आपल्याला हिरवा!" रविवारी मुलगी नाचतच आली. त्यालाही हसू आलं. या आठवड्यात पिशवी हलकीच लागत होती...

हलकी का?

तो आतल्या खोलीत गेला. आईचे ओठ पापुद्रे धरलेले.

"पाणी किती प्यालीस आज?"

"गोळीपुरतं." ती कौतुकाने हसली. "पोरगी सांगत होती ना फळ्याचं. म्हटलं, आपलाही हातभार."

"वेड लागलंय का तुला?" तो ओरडला. चमच्याने त्याने पाणी पाजलं. तिने शहाण्या मुलासारखे दोन-तीन चमचे घेतले आणि मान फिरवली.

"बास."

अजून एक घे, म्हणायला हवं होतं. जबरदस्तीने पाजायला हवं होतं. पण हात आपोआप खाली आला... तेवढंच उद्याचं वजन कमी... आणि मला हायसं वाटलं. मला!