लोटनआप्पांनी भाता धरला

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत आणि वरचा एक सूर जरा चिरकतो. माझं घर म्हणजे नंदुरबारच्या स्टेशनजवळचं ज्यू समाजकेंद्र. नाव मोठं, पण आहे एकच दालन. रेल्वेत नोकरीला आलेल्या बेने इस्रायली कुटुंबांनी ते बांधलं आणि पुण्याच्या एका कारागिराकडून मला घडवून आणलं. सणावाराला मोशेचं, म्हणजे ज्यूंच्या प्रेषिताचं, मराठी कीर्तन रंगायचं, तेव्हा लोक माझ्या सुराचं कौतुक करत. पुढे कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्रायलला. मी कापडाखाली पडून राहिले. उंदरांनी माझ्या भात्याला भोकं पाडली.

मागे राहिल्या त्या रेचलबाई नवगावकर, निवृत्त शिक्षिका. एवढी जागा कुलपात ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी माझा भाता दुरुस्त करून घेतला आणि मोठ्या माणसांसाठी दुपारचे वर्ग सुरू केले. कधी भरतकाम, कधी गाणं. गावातल्या कुणीही यावं. बाया आल्या. कुणाचं गाणं लग्नानंतर सुटलं होतं, कुणाला नुसतं चार जणींत बसायचं होतं.

जवळच्या कोरीट गावच्या बेबीबाई आल्या त्या नवऱ्याला घेऊनच. लोटनआप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा, वाचा गेलेली. दारातच बेबीबाई संकोचून म्हणाल्या, "बाई, यास्ले घर एकलं ठेवता येत नई. कोपरामा बठतीन."

रेचलबाईंनी माझ्या समोरचीच खुर्ची पुढे केली. तिथे आप्पा महिनोन्महिने गप्प बसून ऐकत.

हनुक्का, म्हणजे दिव्यांचा सण, जवळ आला आणि रेचलबाईंचा डावा खांदा आखडला. उजव्या हाताने पट्ट्या दाबता येत, पण भाता हलेना. हवाच नाही तर मी बोलणार कशी? सणाचा गाण्याचा कार्यक्रम यंदा होणार नाही, गाण्याचा वर्गही आता बंदच करावा लागेल, असं त्या बायांना सांगत होत्या. तेवढ्यात आप्पांनी समोरून डावा हात लांबवला आणि माझा भाता धरला.

पहिल्यांदा त्यांनी इतका जोर लावला की मी किंचाळलेच. बाया हसल्या, आप्पाही हसले. मग हात बसला. बाईंचा एक हात पट्ट्यांवर, आप्पांचा एक भात्यावर.

हनुक्काच्या संध्याकाळी दालन भरून गेलं. दिवे लागले. बायांनी कीर्तनातलं पद घेतलं. समुद्रापुढे उभा राहून मोशे म्हणतो, "वाट दे, सागरा, वाट दे." ती ओळ पुन्हा आली तेव्हा अगदी जवळून मला एक घोगरा आवाज ऐकू आला. आप्पा गात होते. शब्द स्पष्ट होते. रेचलबाईंनी चमकून पाहिलं, पण थांबल्या नाहीत. पद संपलं तरी ती ओळ त्या परत परत घेत राहिल्या.

शेवटी गाणं थांबलं. आप्पांनी बायकोकडे पाहिलं आणि त्याच चालीवर हळूच म्हटलं, "पानी दे, बेबी, पानी दे."

बेबीबाई त्यांचा हात धरूनच बसल्या. पाणी रेचलबाईंनी आणलं.

अशा झटक्यात बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शाबूत राहतं, असं रेचलबाई सांगतात. आप्पांना अजून सरळ बोलता येत नाही. हवं ते चालीवर मागतात, आणि घरचेही चालीवरच उत्तर देतात म्हणे. दर आठवड्याला ते येतात आणि भाता धरतात. या सगळ्या हातांची मी ऋणी आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात एखादं वाद्य असेल, तर त्याला ओलीपासून, उंदरांपासून जपा. पण जपायचं म्हणून झाकून ठेवू नका. आणि वाजवायला बसाल तेव्हा समोर कोण गप्प बसलंय तेही बघा. भाता त्याच्या हाती द्या.