जाड भिंग उतरल्यावर

शिरूरच्या पाशाभाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नव्वद साली एका शिबिरात झालं होतं. तेव्हा मोतीबिंदू काढायचे, आत काहीच बसवायचे नाहीत आणि हातात सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसायचं. सायकलच्या दुकानात पाना उचलायला हात केला की तो वीतभर अलीकडेच मिटायचा. पायऱ्या चुकायच्या. चष्म्याच्या वजनानं नाकावर घट्टे पडले. अशी बरीच वर्षं गेली आणि मग उजवा डोळाही पिकला.

लेक सायमा दौंडला दिलेली. तिनं लकडा लावला म्हणून पाशाभाई आणि त्यांची बायको खुर्शिद न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं दौंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. दोन्ही डोळे तपासून त्या म्हणाल्या, "चाचा, हाही डोळा डाव्यासारखाच करता येईल, भिंग न बसवता. मग दोन्हीला असाच जाड चष्मा. नाहीतर आत भिंग बसवू. पण मग दोन डोळ्यांचा मेळ जमणार नाही. एकात वस्तू मोठी दिसेल, एकात लहान. म्हणजे पुढं डाव्यातही भिंग बसवावं लागेल."

"दोन-दोनदा कोण निस्तरणार? हाय तेच बरंय," पाशाभाई म्हणाले.

"बरं कसं, अब्बा? नाक सोलून निघालंय तुमचं," सायमा म्हणाली.

खुर्शिद बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिला विचारलं तर तिनं डोळे न उघडताच सांगितलं, "तुम्हाला सोसंल ते करा."

पाशाभाईंनी घाम पुसायला चष्मा काढला. तो परत नाकावर चढवताना त्यांना एकदम नकोसं झालं. "बसवा भिंग," ते म्हणाले.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं, पण लहान. डावा डोळा तूर्त बिनचष्म्याचा, धुरकट. शिरूरला आले तर घराचं दार बुटकं, खाट आखूड. पुढ्यातल्या कपाला हात लावायला गेले तर हात पुढंच गेला आणि चहा लवंडला. खुर्शिद फडकं घेऊन खाली बसली. तिच्या गळ्याची हाडं वर आलेली त्यांनी पहिल्यांदा बघितली. हात वर उचलला की मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या.

"तू एवढी बारीक कवा झालीस?"

"लई दिवस झालं."

"मला कसं दिसलं न्हाई?"

"तुमच्या चष्म्यात चांगली भरलेली दिसत असंन मी," ती म्हणाली. हसली मात्र नाही. फडकं पिळून चुलीकडं गेली.

वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुराजवळ बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्यामुळं पाशाभाईंना दिवसभर खाटेवर बसून बघत राहण्यावाचून काम उरलं नाही. खुर्शिद पाणी भरायची, दुकानाची फळी काढायची, गिऱ्हाइकांच्या सायकलींत हवा मारायची. मधूनच उंबऱ्यावर टेकायची. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, गल्लीतली गंमत बघत बसलीय. आता दिसलं की तिला दम लागलेला असायचा. नुसतं बघूनच त्यांना थकवा यायला लागला.

ती थेंब घालायला आली की थेंब कधी पापणीवर पडायचा, कधी कानशिलावर.

"हात कापतोय तुझा."

"दमलेय मी." ती बाटलीचं बूच लावत म्हणाली, "दुसरा डोळा करा, पर ही थेंबांची ड्यूटी परत माझ्याच्यानं न्हाई व्हायची."

त्यात राग नव्हता. राग धरायलाही अंगात जोर लागतो. दुपारी पाशाभाईंनी बाटली स्वतः घेतली, आडवं होऊन मान मागं टाकली. दोन-चार थेंब गालावरून गेले, मग एक डोळ्यात पडला.

डाव्या डोळ्याची तारीख ठरली तेव्हा ते म्हणाले, "या बारीला बरं होईस्तवर सायमाकडंच राहू."

"आन् दुकान?"

"कुलूप."

"मला हितं घरातच ऱ्हाऊ द्या..."

"तूबी यायचं. पर कामाला न्हाई."

दौंडला आल्यावर सायमानं आईला डॉक्टरकडं नेलं. अंगात रक्तच नाही, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि विश्रांती सांगितली. विश्रांती कशी घ्यायची हे खुर्शिदला ठाऊक नव्हतं. पहिले काही दिवस ती सायमाच्या स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत राहिली.

डाव्या डोळ्यातही भिंग बसलं. दोन्ही डोळे एकसारखं दाखवायला लागले. जवळचं वाचायला बारीक चष्मा लागणार होता, तेवढाच. पाशाभाईंना आनंद झाला असं म्हणवत नाही. दोनदा निस्तरून ते पार शिणले होते.

एका दुपारी खुर्शिद आतल्या खोलीत चटईवर झोपली ती उठेचना. चहा झाल्यावर सायमा हाक मारायला निघाली. पाशाभाईंनी तिला हातानं थांबवलं. ऊन उतरल्यावर खुर्शिद दचकून जागी झाली.

"दुकान उघडलं का?"

"आपण दौंडला हाय," पाशाभाई म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली.