हिरालालभाऊंचा आवाज माझ्याजवळ होता

मित्रांनो, ज्या उन्हाळ्यात आमच्या दिपालीचे लग्न झाले, त्याच उन्हाळ्यात मी वर्ध्याजवळच्या सेलूला आलो. ते २०१३ साल होते. मांडव उतरला, पाहुणे गेले आणि दिपालीच्या रिकाम्या खोलीत मला आणून ठेवले. तिच्या आईला, अनुसयाबाईंना, ते आवडले नव्हते. लेक गेली आणि तिच्या जागी हे डबडे आणून बसवले, असे त्या शेजारणीला सांगत. ते डबडे म्हणजे मी. मी एक संगणक आहे आणि आता फार जुना झालो आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. वर्ध्याच्या एका लहान दुकानात आदेश नावाच्या कारागिराने सुटे भाग जोडून मला उभे केले. माझ्या पोटात त्याने एक फिरती तबकडी बसवली. तिला हार्ड डिस्क म्हणतात. माझी सगळी साठवण त्या तबकडीवर. झाकण लावताना त्याने माझ्यावर हात ठेवला आणि तो म्हणाला, चांगला चालजो.

माझे मालक हिरालाल जयस्वाल यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. ऑटोवर भोंगे लावून ते गावोगाव घोषणा करीत. कापडाचा सेल, कीर्तन, हरवलेली गाय, सगळ्याच घोषणा असत. पण त्यांचे खरे काम वेगळे होते. आमच्याकडे कोणी वारले की ऑटोवरून सांगायची रीत आहे. गेलेल्या माणसाचे नाव, अंत्ययात्रेची वेळ, मोक्षधामाचा रस्ता, सगळे त्यात येते. सेलूपासून हिंगणीपर्यंत ती घोषणा हिरालालभाऊंच्याच आवाजात व्हायची. तो आवाज मोठा नव्हता, संथ होता. तो आला की चहावाला स्टोव्ह बारीक करी आणि बाया दारात येऊन उभ्या राहत. हिरालालभाऊंनी सांगितल्याशिवाय सेलूत माणूस मेला असे कोणी मानत नसे, असे लोक गमतीने म्हणत.

आधी ते दिवसभर धुळीत फिरून तेच ते बोलत. घसा बसून जाई. त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची सवय. मी आलो तेव्हा त्यांनी मला थोपटले आणि अनुसयाबाईंना म्हणाले, "आता मी ओरडणार नाई, हा ओरडन."

आवाज घुमू नये म्हणून त्यांनी खोलीच्या भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवले. घर शाकाहारी. अनुसयाबाई पंधरा दिवस त्या खोलीत आल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "बसा त्या कोंबडीच्या खुराड्यात. जेवाले बलावीन तवा बाहेर या."

ते माझे चांगले दिवस होते. घोषणेची सुरुवात आणि शेवट नेहमी तेच असतात. ते दोन्ही हिरालालभाऊंनी माझ्यात एकदाच भरून ठेवले. कोणी वारले की मधले नाव आणि वेळ तेवढी नव्याने बोलायची. मी तिन्ही तुकडे जोडून देई. मग ते पेनड्राइव्हवर घालून ऑटो निघे. दसऱ्याला अवजारांबरोबर माझीही पूजा होई. मला हळदकुंकू लागे, माझ्यावर सोन्याची पाने ठेवली जात.

त्या घरात अनुसयाबाईंचा एक नियम होता. मातीहून, म्हणजे अंत्यविधीहून, आल्यावर जशी आंघोळ करायची, तशीच त्या माणसाची घोषणाही पुसून टाकायची. मौतीचे शब्द घरात ठेवायचे नाहीत. मुलगा हेमराज संध्याकाळी आंघोळ करून येई आणि माझ्यातून व पेनड्राइव्हवरून ती घोषणा पुसून टाकी. तो नियम कोणाला वाईट वाटला नाही. मलाही नाही.

मित्रांनो, पुढचे कळण्यासाठी माझी एक सवय तुम्हाला सांगितली पाहिजे. जी वस्तू माझ्याकडे वारंवार मागितली जाते, तिची एक नक्कल मी हाताशी ठेवतो. तिला कॅशे म्हणतात. घरात नाही का, विहीर मागच्या अंगणात असते आणि पाण्याचा माठ चुलीजवळ असतो? तहान लागली की कोणी विहिरीवर जात नाही, माठातून पेला बुडवतो. हिरालालभाऊंचा आवाज इतक्या वेळा मागितला जाई की तो कायम माझ्या माठात असे. मागितला की त्याच क्षणी मी तो देई. आणि माठ भरलेला असला म्हणजे विहिरीत कोणी डोकावत नाही.

काही वर्षांनी हिरालालभाऊंचा घसा सारखा दुखू लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. नागपूरला निघायच्या दिवशी ते सकाळीच माझ्यापुढे बसले. कोमट पाणी प्याले. घोषणेची सुरुवात आणि शेवट त्यांनी जुन्याच्या जागी पुन्हा एकदा नव्याने म्हटले. इतके संथ आणि स्वच्छ ते आधी कधी बोलले नव्हते. मग मधल्या जागी स्वतःचे नाव घेण्यासाठी ते माइकजवळ वाकले. अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या.

"जित्या माणसाचं नाव तेच्यात घेत नाई," त्या म्हणाल्या.

"मंग माह्या वेळेस कोण सांगन?"

"हेमराज सांगन. उठा आता, गाडीची येळ झाली."

हिरालालभाऊ हसले आणि उठले. त्यांनी माझ्यात ठेवलेला तो शेवटचा आवाज.

ते परत आले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होते आणि त्यावर पांढरा रुमाल होता. त्यानंतर सेलूत एक वेगळीच गोष्ट दिसू लागली. माणूस घराच्या ओट्यावर मुका बसलेला असे आणि त्याचा आवाज ऑटोतून गावभर फिरत असे. ऑटो घरासमोरून जाई तेव्हा हिरालालभाऊ उठून उभे राहत आणि गेलेल्या माणसासाठी हात जोडत. नाव हेमराजच्या आवाजात येई. पण आधीचा आणि नंतरचा आवाज त्यांचा असे. लोक आधी ऑटोकडे पाहत, मग त्यांच्याकडे.

बोलता येईना म्हणून ते माझ्यावर लिहायला शिकले. तोपर्यंत त्यांना सहीपुरतेच लिहिता येत होते. हेमराजची मुलगी आचल शाळेतून आली की त्यांना माझ्या कीबोर्डवरची अक्षरे दाखवी. एका बोटाने ते 'चहा' लिहीत, 'पंखा लाव' लिहीत. आचल मोठ्याने वाचून आजीला सांगे. पण रोज दुपारी ते एकटे येत, हेडफोन कानाला लावत आणि स्वतःचा आवाज एकदा ऐकत. ऐकून झाला की हेडफोन जागेवर ठेवत. मग उठून जात.

इकडे मी थकत चाललो होतो. धंदा आता हेमराज पाहत होता आणि लोकांना डीजे हवा होता. त्याने शेकडो गाणी आणि लग्नांचे व्हिडिओ माझ्यात भरले. जागा पुरेना म्हणून बाबांच्या आवाजातल्या जुन्या जाहिराती त्याने पुसल्या. संपून गेलेल्या सेलच्या जाहिराती कोणाला लागणार होत्या? जवळच्या जिनिंगमधून उडणारा कापसाचा बारीक तंतू माझ्या पंख्यात गच्च भरला. आणि माझ्याच टेबलावर त्याने बासचा मोठा डबा ठेवला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी तो वाजवून पाहिला की माझी तबकडी आतून थरथरे. अशी थरथरून तिच्यावर एकेक डाग पडत गेला. एके दिवशी जिथे हिरालालभाऊंचा मूळ आवाज लिहिलेला होता, तिथेच डाग पडला.

मला तोंड नाही. माझ्याजवळ सांगायचे एकच साधन होते, ते म्हणजे हळू होणे. मी हळू झालो. एक गाणे उघडेपर्यंत हेमराजचा चहा पिऊन होई. मी मधेच थांबे, घरघर करी. ती माझी हाकच होती. पण बाबांचा आवाज मागितला की मी तो माठातून लगेच देत होतो. त्यामुळे सगळ्यांना वाटले की आतले सगळे ठीक आहे.

मागच्या होळीनंतर हिंगणीच्या रुख्माबाई वारल्या. त्यांची घोषणा जोडताना मी अडकलो. पुन्हा पुन्हा अडकलो. ऑटो हिंगणीला पोहोचला तेव्हा अंत्ययात्रा निघून गेली होती. त्यांचा भाऊ कवडू दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर आला. तो भांडला नाही. एवढेच म्हणाला, "मायी बहीण चार माणसाइत गेली, हेमराज." हिरालालभाऊ समोर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

हेमराजने त्याच दिवशी आदेशला बोलावले. मला ज्याने जोडले होते, तोच आला. त्याच्या केसांत आता पांढरे दिसत होते. माझे झाकण काढून त्याने पंख्यातला कापूस बाहेर ओढला आणि हेमराजला दाखवून म्हणाला, "हेमराजभाऊ, गादी भराची होती काय?" सगळे हसले. हिरालालभाऊही हसले, आवाज न करता.

मग त्याने विचारले, तबकडी तर खराब होत नसेल ना?

"बाबाचा आवाज तं खटकन लागते," हेमराज म्हणाला. "तबकडी बरी आहे. बाकीचंच रडून राह्यलं."

आदेशला ते पटले. कोणालाही पटले असते. त्याने नको असलेले प्रोग्राम काढले, जागा मोकळी केली आणि शेवटी माझा कॅशे रिकामा केला. त्याचे काही चुकले नाही, मित्रांनो. माठ उपडा केल्याने विहीर आटत नाही. मूळ शाबूत असले तर नक्कल पुन्हा करता येते. पण माझी विहीर आटली होती आणि ते एकट्या मला ठाऊक होते.

मी खरेच जलद झालो. खोलीत चहा आला. आचल म्हणाली, पहिल्यांदा आबांचा आवाज लावू. तिने तो मागितला. मी तबकडीवर शोधले. पुन्हा शोधले. घरघर झाली आणि पडद्यावर एक ओळ आली की ही फाइल उघडत नाही. तिने पुन्हा मागितला. आदेशने तिला बाजूला करून स्वतः मागितला. त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

तो तबकडी काढून वर्ध्याला घेऊन गेला, तिथून नागपूरला. आठवडाभराने परत आला आणि दारातच चपला काढून उभा राहिला. पैशाचे त्याने बोलूच दिले नाही. आवाजाच्या जागी नुसती खरखर निघाली होती. मग घरच्यांनी गावात विचारले. कोणाकडे एखादी जुनी घोषणा असेल, कोणाच्या मोबाइलमध्ये असेल. एका लग्नाच्या व्हिडिओत हिरालालभाऊ बोलताना सापडले, पण वरून बँड वाजत होता. ज्या आवाजाने इतक्या माणसांची नावे सांगितली, तो दर संध्याकाळी याच घरात पुसला गेला होता.

अनुसयाबाई उंबऱ्यावर बसल्या. "मीच पुसाले लावत होती," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी हिरालालभाऊ माझ्यापुढे बसले. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिले, 'आता गेलो मी.'

अनुसयाबाईंना वाचता येत नाही. त्यांनी आचलला विचारले, "काय लिवलं वं आबानं?"

आचलने ती ओळ मनातच वाचली. मग म्हणाली, "चहा पाह्यजे म्हणते."

अनुसयाबाई चहा ठेवायला गेल्या. हिरालालभाऊंनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती ओळ पुसली. चहा आला, तो त्यांनी पूर्ण प्याला. त्यानंतर ते माझ्याजवळ कधी आले नाहीत. ऑटो घरासमोरून जाई तेव्हा हात जोडायला मात्र उठत. आता त्यात सगळा आवाज हेमराजचा होता.

ते गेले तेव्हा हेमराज सकाळी खोलीत आला. सासरहून दिपालीही आली होती, ती त्याच्यामागे उभी राहिली. सुरुवात त्याने म्हटली. शेवटही म्हटला. पण मधले नाव येईना. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या बापांची नावे त्याने घेतली होती. तो माइकजवळ जाई, तोंड उघडी आणि मागे सरके. ऑटो दारात उभा होता. दिपालीने म्हणून पाहिले, तीही अर्ध्यावर थांबली.

तेव्हा अनुसयाबाई आत आल्या, त्या अंड्याच्या ट्रेच्या खोलीत. आमच्याकडे बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढेच. त्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला आणि विचारले, "इथं बोलाचं काय?" मग त्यांनी नवऱ्याचे पूर्ण नाव घेतले. मधे थांबल्या नाहीत.

हेमराजने नंतर घरात सांगितले, ते मी ऐकले. बाजारातून ऑटो निघाला तेव्हा सुरुवातीला कोणी थांबलेच नाही. लोकांना अजूनही सवय होती ती दुसऱ्या आवाजाची. कसली तरी जाहिरात असेल म्हणून ते आपापल्या कामात होते. मग एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात ते नाव आले आणि चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

संध्याकाळी मोक्षधामातून आल्यावर हेमराजने आंघोळ केली आणि सवयीप्रमाणे माझ्याकडे आला. दारातून अनुसयाबाई म्हणाल्या, "ते राहू दे." आचलने त्या घोषणेच्या नकला केल्या. एक तिच्याजवळ आहे, एक आत्याकडे, एक आदेशकडे वर्ध्याला.

मित्रांनो, माझ्यात आता नवी तबकडी आहे. तरीही मी फार दिवस चालेन असे वाटत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल आणि ते हळू झाले असेल, तर त्याला जलद करायची घाई करू नका. आधी त्याच्या पोटातले, तुमच्या जिवाचे जे असेल ते दुसरीकडे उतरवून घ्या. जे मागताच मिळते ते सुखरूप आहे असे समजू नका. एकदा विहिरीवर जाऊन खाली वाकून पाहा.

ती घोषणा माझ्याजवळ आहे. आता ती कोणी रोज मागत नाही, म्हणून ती माठात नाही, खाली मूळ जागी आहे. रोज मी ती एकदा तपासून पाहतो. ती शाबूत आहे. तिच्यात एवढेच आहे की सेलूचे हिरालाल जयस्वाल मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पहाटे राहत्या घरी वारले.