मागची रिकामी आहे

घर अजून झोपेत होतं. नळसुद्धा ठिबकत नव्हता. आणि अशा शांततेत एक बटण ताटाच्या कडेवरून घरंगळलं, टिक् करून फरशीवर पडलं, स्वतःभोवती एक लांबलचक गिरकी घेतली आणि कपाटाच्या पायाशी जाऊन आडवं झालं.

"आई, तुझी बस पडली."

तिनं दचकून वर पाहिलं. दारात मुंगी उभी होती. केस पिंजारलेले, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. साखरेचा डबा कुठंही ठेवा, चढून पोचायची, म्हणून बापानं हे नाव ठेवलं होतं आणि खरं नाव आता फक्त डॉक्टरांच्या कागदावर उरलं होतं.

"हळू बोल, बाबा आत्ताच रात्रपाळीवरून येऊन झोपलेत. आण बरं ते बटण."

मुंगीनं बटण आणलं आणि ताटाच्या काठावर, बाकीच्या बटणांना अगदी चिकटवून ठेवलं.

"अं हं. असं नाही. हीच तर आपली सगळी भानगड आहे." तिनं लेकीला मांडीत ओढलं. "हे ताट म्हणजे आपला गोल मार्ग. इस्पितळ, वखार, शाळा, टाकी, बाग, आणि फिरून इस्पितळ. ही बटणं म्हणजे गाड्या. आता ही पुढची गाडी बघ. हिला स्टॉपवर खूप माणसं भेटली. ती चढेपर्यंत हिला उशीर झाला. उशीर झाला म्हणून पुढच्या स्टॉपवर आणखी माणसं जमली. आणखी उशीर. आणि मागचीला काय, स्टॉप सगळे मोकळे! ती आली पळत पळत आणि हिला जाऊन चिकटली."

"मग तिसरी पण चिकटली."

"तिसरी पण चिकटली. मग लोक उभे राहून राहून वाळतात, आणि गाड्या येतात त्या एकदम तीन."

"मागच्या बटणाला सांग ना, पळू नकोस."

ती हसली. वाहतूक खात्याच्या मोठ्या टेबलाभोवती हेच सांगायला तिला कितीतरी बैठका लागल्या होत्या. वेळापत्रक विभागात ती वयानं सगळ्यात लहान. त्यात मुंगीसाठी घेतलेल्या लांब रजेवरून परतलेली, म्हणजे लोकांच्या मते अर्धं लक्ष घरी ठेवून आलेली. साहेबांनी तर उपाय कधीच ठरवून टाकला होता: गोल मार्ग मधोमध तोडायचा, दोन तुकडे करायचे. मार्ग तोडण्याच्या त्यांच्या या आवडीमुळे अख्खं खातं त्यांना पाठीमागं 'कात्री' म्हणायचं. पण तोडला की शाळेकडच्या माणसाला इस्पितळात जायला गाडी बदलावी लागणार. काठी टेकत येणारी म्हातारी माणसं, कडेवर तापलेलं पोर घेतलेल्या आया. मुंगीला ताप आला तेव्हा ती स्वतः त्याच गाडीतून गेली होती. तेव्हा गाडी बदलायची असती तर?

म्हणून ती कात्रीसमोर उभी राहिली होती. "साहेब, एक सकाळ द्या. घड्याळ बघून गाड्या सोडायच्याच नाहीत. पुढचीपासूनचं अंतर बघून सोडायच्या. पळत आलेली गाडी इस्पितळापाशी थोपवायची. आणि गाडी भरली की दार लावून निघायचं, उरलेल्यांनी मागचीनं यायचं."

"एक सकाळ," साहेब म्हणाले होते. "मी स्वतः टाकीपाशी उभा राहीन. जमलं नाही, तर दुपारी तोडायच्या कागदावर सही."

ती सकाळ आजची होती.

"आई, त्या माशाचं पुढं काय झालं?"

दिवा गिळलेल्या माशाची गोष्ट. माशाच्या पोटातून उजेड यायला लागला होता, इथवर आली होती आणि तिथंच अडकली होती.

"नंतर सांगते हं."

"नंतर माझ्या चित्रातल्या छत्रीला पाय पण काढायचेत."

"काढू. नंतर. आता तोंड धू, आपल्याला बस गाठायचीय."

पाळणाघराला रंग काढला होता, त्यामुळं आज मुंगीची वरात आईबरोबरच. खरं तर अशा दिवशी शेपूट नको होतं. पण शेपटानं जिन्यातच विचारलं, "आज सगळी बटणं लांब लांब राहणार?" आणि तिनं लेकीला उचलून उरलेल्या पायऱ्या जवळजवळ पळतच उतरल्या.

गाडी होती मागचीकाकांची. हे कंडक्टर सगळ्या मार्गाला ठाऊक होते. गाडी भरली की दारात उभं राहून, गळ्याच्या शिरा ताणून, ते एकच वाक्य म्हणत आले होते: "मागची रिकामी आहे! मागचीनं या!" मागची रिकामी नसायची. पुष्कळदा मागची नसायचीच. पण वाक्य इतकं चिकटलं, की त्यांना त्यांच्या बायकोनंही म्हणे एकदा भाजी वाढताना ऐकवलं होतं, "भाजी संपली. मागचं भांडं रिकामं आहे."

"या बाई, या!" त्यांनी मुंगीला पुढच्या सीटवर बसवलं. "आज तुमची परीक्षा आणि आमचा निकाल. आमचा ड्रायव्हर मघाशी इस्पितळापाशी थोपवल्यावर काय कुरकुरत होता माहितीय? म्हणे, उगाच उभं राहून करू काय, नाडी तपासून घेऊ?"

"घ्या म्हणावं. इतकी वर्षं धावलाय, तपासायला हवीच."

फोन वाजला. कंट्रोल रूममधून घारताई. पडद्यावरून साऱ्या शहरावर नजर ठेवायची, म्हणून घार. "अगं, राहिल्यात गं! सगळ्या लांब लांब राहिल्यात! मोत्यांची माळ दिसतेय नुसती! इतकी वर्षं इथं बसते, पण असा पडदा मी पाहिला नव्हता."

तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. ओरडता येईना म्हणून तिनं मुंगीचा उघडा पाय दाबला. मोजा एकाच पायात आहे, हे तिला तेव्हा कळलं.

बाग गेली, इस्पितळ गेलं, वखार गेली. शाळेपाशी गर्दी वाढली. आणि मग वळणापलीकडे टाकी दिसली आणि टाकीखालची माणसं दिसली. पाण्याच्या उंच टाकीच्या सावलीतला तो थांबा, सकाळी तिथं जत्रा असायची. गर्दीच्या कडेला साहेब हाताची घडी घालून उभे.

गाडी थांबली आणि लोक दाराला भिडले. होती नव्हती ती जागा भरली, पायरी भरली, पायरीवरच्या माणसाच्या पाठीला आणखी एक माणूस चिकटला. दार मिटेना.

मागचीकाकांनी श्वास भरून घेतला. "मागची रिकामी आहे! मागचीनं या!"

सगळा थांबा खदखदून हसला.

"काका, नवीन काहीतरी सांगा!"

"तुमची मागची आणि माझ्या जावयाची नोकरी," पिशवी छातीशी धरून पायरीवर उभी असलेली एक बाई म्हणाली, "दोन्ही गेली कित्येक वर्षं येतच आहेत!"

"अहो, आज खरंच रिकामी आहे!" मागचीकाका कळवळून म्हणाले. "शप्पथ!"

"शप्पथ घेतली, म्हणजे तर नाहीच आहे!"

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचं जे झालं, तेच. आज खरं बोलत होता तो माणूस, आणि आजच कुणी उतरत नव्हतं. गाडी उभी. फोनमध्ये घारताईचा आवाज बदलला होता. "टाकीपाशी काय चाललंय? हलत का नाही? मागचीनं वखार सोडली. आणखी थोडा वेळ गेला ना, तर येऊन चिकटेल ती."

दारातून साहेबांचा चेहरा दिसत होता. रागावलेला नव्हता, उलट समजूतदार होता, आणि तेच तिला झोंबलं. "बघितलंत?" ते खालूनच म्हणाले. "गाड्या थोपवता येतात. माणसं थोपवता येत नाहीत."

ती दांडा धरून उभी होती. सगळा हिशेब बरोबर होता. इस्पितळ बरोबर, अंतर बरोबर. आता ही पायरीवरची माणसं फक्त उतरली की...

"आई," मुंगीनं विचारलं. मुंगीचा आवाज म्हणजे दवंडी. "मागची खरंच रिकामी आहे?"

"हो गं राणी, खरंच."

"मग आपण का नाही उतरत?"

जवळपासची माणसं वळून बघायला लागली. पिशवीवाली बाई तर टाचा उंच करून बघत होती.

तिनं दांडा किती घट्ट धरलाय, ते तिला तेव्हा दिसलं. ताटावर बटणं मांडली तीच, साहेबांशी भांडली तीच, पण मिळालेली गाडी सोडायची वेळ आली तेव्हा तिचाही हात दांड्यावरून सुटत नव्हता. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून सगळा खटाटोप, आणि तिचा स्वतःचाच विश्वास दांड्याला लटकलेला!

"चल," ती म्हणाली. "सरका हो जरा. आम्हाला उतरायचंय."

"अहो बाई, तुम्ही कुठं?" मागचीकाका घाबरले.

"मागचीनं येतो आम्ही." हे तिनं मोठ्यानं म्हटलं, इतकं की टाकीनं ते परत म्हणून दाखवलं. "मागची रिकामी आहे!"

मुंगीला कडेवर घेऊन, कोपरं खात, ती खाली उतरली. क्षणभर काहीच झालं नाही. मग काठीवाले एक आजोबा तिच्यामागून उतरले. "पोर घेऊन ही उतरते, म्हणजे हिला काहीतरी ठाऊक असणार," ते पुटपुटले. मग दोन कॉलेजच्या पोरी. मग पिशवीवाली बाई, जीभ चालवतच. "आले तर खरी, पण नाही आली ना मागची, तर तुझ्या कडेवर मी बसणार आहे, सांगून ठेवते!"

पायरी मोकळी झाली. दार मिटलं. टण टण! मागचीकाकांनी दोनदा घंटी मारली आणि गाडी निघाली. मागच्या काचेला नाक लावून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होते.

आता थांब्यावर सगळी माणसं तिच्याकडे बघत होती. साहेबही. ज्या दिशेनं गाडी यायची तो रस्ता मोकळा होता. पार मोकळा.

"घारताई, कुठं आहे?"

"वखार आणि शाळेच्या मध्ये."

"कुठल्या स्टॉपवर आलीय?" मुंगीनं तिचा पदर ओढला.

"शाळेच्या जवळ."

"शाळेच्या जवळ आलीय!" मुंगीनं सगळ्यांना सांगून टाकलं.

कुणीतरी हसलं. कुणीतरी विचारलं, "आता कुठंय गं?"

"आई, आता?"

"शाळेवर उभी आहे. माणसं चढतायत."

"शाळेवर उभी आहे! माणसं चढतायत!"

"किती चढतायत ते विचार," पिशवीवाली म्हणाली. "माझी सीट ठेवा म्हणावं."

"निघाली," घारताई म्हणाली.

"निघालीऽऽ!"

आता आजोबांनी काठी बगलेत मारून डोळ्यांवर हात धरला होता. कॉलेजच्या पोरी रस्त्यात वाकल्या होत्या. मघाशी टिंगल करणारे सगळे टाचा उंचावून वळणाकडे बघत होते, शर्यतीचं शेवटचं वळण असावं तसे. साहेबांच्या हातांची घडी सुटली होती आणि तेही फुटपाथच्या कडेशी आले होते. तिच्या छातीत असं धडधडत होतं की कडेवरच्या मुंगीनं तिथं हात ठेवून पाहिला.

आधी वळणावर एक पक्षी उडाला. मग लाल टप दिसला. मग काचा. आणि काचांतून आरपार पलीकडची झाडं दिसली.

"मागची आलीऽऽ!" मुंगी किंचाळली. "रिकामी आहे! आई, रिकामी आहे!"

अगदीच रिकामी नव्हती. शाळेवरची पाच-सात माणसं होती. पण इतक्या मोकळ्या सीटा टाकीखालच्या लोकांनी सकाळी जन्मात पाहिल्या नव्हत्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली, आणि मग एक नवलच झालं: कुणी धक्काबुक्की केली नाही. आजोबा आधी चढले. पिशवीवाली बाई खिडकीशी बसली, शेजारच्या सीटवर पिशवीला बसवलं, मुंगीच्या आईकडं वळून बघितलं आणि म्हणाली, "आता जावयाला नोकरी लागणार बघ. लक्षण दिसतंय."

साहेब चढले. एका सीटवर बसले, मग उठले, दुसरीवर बसले. दोन्ही सीटा खऱ्याच निघाल्या.

"महिनाभर चालवा," ते शेवटी म्हणाले. "तोडायचं मग बघू." आणि खिडकीकडं तोंड करून, जरा वेळानं, "माणसं थोपवली नाहीतच तुम्ही. स्वतःच उतरलात."

फोन परत वाजला. यावेळी मागचीकाका, कापऱ्या आवाजात. "बाई, बागेपाशी पण उतरले हो! मी म्हटलं मागची रिकामी आहे, आणि चार जण उतरले! नुसतं बोललो तर उतरले!" आणि त्यांनी फोनमध्येच घंटी वाजवली. टण टण.

तिनं फोन कानापासून काढला आणि मुंगीला मांडीत घट्ट धरलं. जीव भांड्यात पडला होता, आणि भांडं अजून वाजत होतं. गाडी टाकीच्या सावलीतून उन्हात आली. मागं पाहिलं तर रस्ता मोकळा, आणि त्या मोकळ्या रस्त्याच्या टोकाला, हव्या तितक्या अंतरावर, आणखी एक लाल ठिपका. तिला हसू आवरेना.

मुंगीचं लक्ष मात्र मागं होतं. मोज्यातला पाय आणि उघडा पाय हलवत ती कितीतरी वेळ मागच्या काचेकडं बघत होती.

"तू म्हणालीस येणार," ती शेवटी म्हणाली, "आणि खरंच आली."

"आली की नाही?"

"हं." मुंगीनं विचार केला. मग तिनं आईच्या हातातला फोन दोन्ही हातांनी आपल्याकडं वळवला. त्यात घारताईनं पाठवलेला पडद्याचा फोटो होता: सगळ्या गाड्या, एकेक आपापल्या जागी, ताटावरच्या बटणांसारखी.

"आई, आणि तुझं 'नंतर'? ते कुठल्या स्टॉपवर आलंय?"