एकशे सतरा नंबरची बंडी

माझ्या छातीवर डाव्या बाजूला चार भोकं आहेत, मित्रांनो. उंदरांनी कुरतडलेली नाहीत. वेगवेगळ्या पक्षांचे बिल्ले टोचून टोचून पडलेली आहेत. कुर्त्यावर पुढारी घालतात ना बिनबाह्यांची, तसली एक जुनी बंडी आहे मी. बारा वर्षं एका आमदाराच्या अंगावर काढली. त्याच्याविषयी मी गोड गोड बोलेन असं वाटत असेल, तर आत्ताच पान उलटा!

चांदवडच्या अलीकडे हायवे सोडून आत गेलं की टेकाडावर वरची वस्ती लागते. तिथल्या विमलाबाईंच्या शिलाई मशीनवर माझा जन्म झाला. शेखरदादा तेव्हा पहिल्यांदा अपक्ष उभा होता. त्याच्याकडे ना गाडी, ना बॅनर. आपला माणूस निदान नीटनेटका तरी दिसावा, म्हणून वस्तीनं खादीचं कापड आणलं आणि विमलाबाईंनी माप घ्यायला त्याला ओट्यावर उभं केलं.

"छाती फुगवू नको रे शेखर," त्या म्हणाल्या, "अजून आमदार व्हायचाय तू. शिवण उसवंल."

दादा हसला. खरं सांगते, तेव्हा मला तो आवडला होता.

तो अगदी थोडक्या मतांनी निवडून आला आणि त्याच्या डोक्यात बसलं की ही बंडी शुभ आहे. झालं! फॉर्म भरायचा, बंडी. निकाल लागायचा, बंडी. सभागृहात महत्त्वाचं मतदान आलं की नाशिकच्या बंगल्यातल्या कपाटातून माझी बोलावणी. दादाची कपाटभर भारी जाकिटं होती, पण त्यानं कुठल्या बाजूनं मत दिलं हे सगळंच्या सगळं पाहिलंय ते मी.

पहिल्या खेपेला सरकारनं गावोगावच्या पाणीयोजना कंपन्यांकडे सोपवायचं विधेयक आणलं. दादा ताडकन उठला. "पाणी विकणं म्हणजे आईला विकणं!" म्हणाला आणि विरोधात मत दिलं. अभिमानानं माझी बटणं तुटायची वेळ आली होती. दुसऱ्या खेपेला तो एका मोठ्या पक्षात गेला. पहिलं भोक. तेच विधेयक पुन्हा आलं. दादानं शांतपणे पाठिंबा दिला. मला वाटलं, बिचाऱ्याला विधेयक ओळखू आलं नसेल! हसू नका. मी पडले बंडी, मला काय कळतंय?

मग मात्र कळायला लागलं. दारूबंदीच्या ठरावाला एकदा हो, एकदा नाही, आणि एकदा तर मतदानाची घंटा वाजत असताना साहेब कँटीनमध्ये बटाटेवडा खात होते. त्याचा तेलकट डाग अजून माझ्या खिशावर आहे. झेंडा बदलला की मत बदलायचं आणि प्रत्येक नव्या झेंड्याखाली पहिलं वाक्य तेच, "माझी विचारधारा अढळ आहे." अढळ म्हणे! ध्रुवबाळानंसुद्धा आभाळातून खाली उतरून हात जोडले असते.

तरी लोक त्याला निवडून देत राहिले. कारण दादा बोलायचा झकास. आणि तो सभागृहात हात कुठे वर करतो, हे वरच्या वस्तीतून दिसत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला शाळांचं विधेयक आलं. ज्या शाळेत वीसपेक्षा कमी मुलं, ती बंद आणि मुलांनी जवळच्या मोठ्या शाळेत जायचं. वरच्या वस्तीच्या शाळेत चौदा मुलं होती. मोठी शाळा होती हायवेच्या पलीकडे. त्या हायवेवर ट्रक कसे धावतात ते मी दादाच्या गाडीतून येता-जाता बघायचे. विमलाबाईंची धाकटी नात मैना तिसरीत होती. तिच्या बापानं सांगून टाकलं होतं, "शाळा बंद झाली तर पोरगी शेळ्यांमागं जाईल. रस्ता वलांडून नाय धाडायची."

विमलाबाई आणखी चार बायकांना घेऊन नाशिकला बंगल्यावर आल्या. दादानं माझ्यावर, म्हणजे स्वतःच्या छातीवर, हात ठेवला. "मावशी, तुम्ही शिवलेल्या या बंडीची शपथ. शाळेला हात लावू देणार नाही."

माझी शपथ! मला विचारलं तरी होतं का?

मतदानाच्या दिवशी दादा असा काही बोलला की प्रेक्षक गॅलरीतल्या बायकांनी डोळे पुसले. "माझ्या वस्तीतल्या लेकरांनी ट्रकखाली जायचं का?" असं तीनदा विचारलं. भाषण संपायच्या आतच त्याच्या माणसांनी तो तुकडा मोबाइलवरून मतदारसंघात पाठवला. मग चाळीस मिनिटांनी मतमोजणी सुरू झाली. दारं बंद झाली. तिथली रीत अशी, की विधेयकाच्या बाजूच्या आमदारांनी एकेक करून उभं राहायचं आणि आपलं नाव सांगून पुढचा आकडा म्हणायचा. एकशे चौदा झाले. एकशे पंधरा झाले. एकशे सोळा झाले. दादा उठला. स्वतःचं नाव घेतलं, "एकशे सतरा" म्हणाला आणि खाली बसून शेजाऱ्याला विचारलं, "जेवायला कुठं जायचं?"

मित्रांनो, बंडीला दात नसतात, नाहीतर तेव्हाच चावले असते!

इकडे वस्तीनं काय करावं? सत्कार ठरवला! आपल्याकडे एक सवयच आहे, व्हिडिओ आला की काम झालं. शाळेच्या पटांगणात मांडव पडला, शाल आली, नारळ आला. सूत्रसंचालन मैनाच्या थोरल्या बहिणीकडे, आठवीतल्या पूजाकडे. दादाची चार वाक्यं आपल्या भाषणात घालावीत म्हणून पूजानं त्या दिवसाचं पूर्ण चित्रण शोधून काढलं होतं. भाषण संपल्यावर तिनं ते बंद केलं नाही. पुढची चाळीस मिनिटंही बघितली. आणि त्यापुढचीही. आजीला सांगितलं, तर आजी म्हणाली होती, "मोबाइलात काय बी दाखवत्यात. समोर विचार त्याला."

विमलाबाईंनी दादाच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. आता स्वागताचं भाषण. पूजा माइकसमोर आली.

"दादा, एकच विचारायचंय. मतमोजणीत एकशे सतरा नंबर कोणाचा होता?"

दादानं कानाशी हात नेला, जसं काही ऐकूच आलं नाही.

"होय म्हणणाऱ्यांची मोजणी चालली होती. तुम्ही उभे राहिलात. नाव सांगितलंत."

"हुशार आहे पोरगी!" दादा मांडवाकडे बघून हसला. "बाळ, पक्षाचा आदेश असतो. तो मोडला तर आमदारकी जाते. तुला कळेल मोठी झाल्यावर."

"आमची शाळा गेली ते मला आत्ताच कळतंय," पूजा म्हणाली. "आदेश होता तर मग विरोधात भाषण कशाला केलं?"

आणि इथं दादाची जीभ घसरली. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो खरं बोलला, तेही चालू माइकसमोर. "अगं, भाषण लोकांसाठी असतं. मत पक्षासाठी."



विमलाबाई हळूहळू पुढे आल्या. "शाल राहू दे तुला. बंडी काढ."

"मावशी, काय हे लोकांसमोर..."

"लोकांसमोरच दिली व्हती. काढ."

दादानं मला काढलं आणि खुर्चीवर फेकलं. "घ्या! पंधरा पडल्यात माझ्या कपाटात." तो गाडीत बसला. तुम्हाला सांगते, त्या खुर्चीवर बोळा होऊन पडल्यावर मला जितकं बरं वाटलं, तितकं इस्त्री होऊन लटकतानाही कधी वाटलं नव्हतं.

पण मित्रांनो, एवढ्यानं काही शाळा वाचली नाही. जूनमध्ये फाटकाला कुलूप लागलं. चौदातली सहा मुलं घरीच बसली. मैनाही बसली असती. विमलाबाईंनी मुलाला सांगितलं, "तू नको धाडू. मी नेते." मग त्यांनी मला उसवलं, बारा वर्षांची घडी मोडली आणि मैनासाठी दप्तर शिवलं. कात्री लागताना दुखलं, हो. आता माझ्या पोटात भाषण नाही, गणिताचं पुस्तक असतं.

रोज सकाळी पावणेदहाला आम्ही हायवेच्या कडेला उभ्या असतो. पूजा चांदवडच्या शाळेत आधीच्या एसटीनं गेलेली असते. विमलाबाई एका हातात मैनाला धरतात, दुसरा ट्रकपुढे धरतात. काही ट्रक थांबतात. काही नाही थांबत.

परवा दादा पुन्हा मतं मागायला आला. नवी बंडी, नवा बिल्ला. विमलाबाई दारातच उभ्या राहिल्या. "मत पाहिजे ना? सकाळी पावणेदहाला हायवेवर ये. पोरीला पलीकडं पोचव."

"एवढंच ना? उद्याच येतो, मावशी!"

आणि आला की हो! सोबत फोटोग्राफर होता. दादानं मैनाचा हात धरला, ट्रक अडवले, पलीकडे पोचल्यावर तिच्या डोक्यावरून हात फिरवला. कचाकच फोटो निघाले. वस्तीतली दोन-तीन माणसं विरघळलीसुद्धा. "बघा, शब्दाला जागला," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला हायवेच्या कडेला आम्ही तिघीच होतो. विमलाबाई, मैना आणि मी. विमलाबाईंनी दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. मैनाची प्रार्थना बुडाली. मग त्यांनी पदर खोचला आणि ट्रकपुढे हात धरला.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. पहिल्या दिवशी कोणीही येतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर कोण उभं असतं ते बघून घ्या, आणि मगच कोणाच्या तरी अंगावर बंडी चढवा.