कप्तानाचा रंगवलेला घोडा

हार्बोंच्या घरचे ठिपक्यांचे घोडे डेन्मार्कच्या साऱ्या शेलंड बेटावर ओळखले जात. त्यांची मूळ घोडी जुन्या एका युद्धात आलेले स्पॅनिश शिपाई परत गेले तेव्हा मागं राहिलेली. ती एका खाटकाच्या हाती लागली, तिथून जमीनदार हार्बोंच्या तबेल्यात आली. तिच्या वंशातली बहुतेक शिंगरं पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे ठिपके घेऊन जन्मत. दमणं त्यांना माहीत नव्हतं, आणि स्वभावानं इतकी गरीब, की लहान मूल पोटाखालून गेलं तरी पाय हलवत नसत.

त्याच वंशातला स्टेर नावाचा घोडा म्हाताऱ्या ओट्टो हार्बोंनी लढाईवर निघालेल्या आपल्या मुलाला, कप्तान आयलरला दिला. "धुरातसुद्धा तुझ्या माणसांना कळेल, तू कुठं आहेस," ते म्हणाले.

ते शत्रूलाही कळत होतं. स्लेसविगच्या आघाडीवर दुसऱ्या पलटणीचा मेजर असाच ठिपक्यांच्या घोड्यावर होता. त्याच्या घशात गोळी लागली तेव्हा त्याला खाली उतरवून घेणाऱ्यांत आयलर होता. त्यानंतर टेकडीवरून कुणीतरी आपल्यावर नेम धरून बसलंय, असं आयलरला जेवतानाही वाटे.

एका दुपारी तुकडी पुढं निघाली. घोड्याचा नाल बसवून येतो, असं सांगून तो मागं राहिला. गावात कातडी कमावणारा एक जण होता. त्याच्याकडून कातड्याला तपकिरी रंग देणारा ओकच्या सालीचा काढा घेऊन त्यानं स्टेरला मानेपासून शेपटीपर्यंत स्वतः चोपडलं. घोडा शांत उभा होता. मधूनच मान वळवून त्याची बाही हुंगत होता. संध्याकाळपर्यंत तो साधा तपकिरी घोडा झाला.

पहाटेच्या धुक्यात आयलरनं तुकडी गाठली तेव्हा गोळीबार सुरू झाला होता. माघारीचा हुकूम आला. तो ओरडत बांधाच्या कडेनं घोडा दौडवत गेला. जवळचे शिपाई त्याच्यामागं निघाले. पण दलदलीपाशी सार्जंट लाउस्टबरोबर निम्मी माणसं होती. तोफांच्या आवाजात त्यांना हाक ऐकू गेली नाही, आणि दिसला तो कुणीतरी तपकिरी घोड्यावरचा स्वार. ती तिथंच थांबली. काही मेली, उरलेली पकडली गेली.

तुकडीचा निम्मा भाग सुखरूप बाहेर काढला, म्हणून वरिष्ठांनी आयलरची पाठ थोपटली.

उन्हाळा सरता सरता तात्पुरता तह झाला, तसा तो घरी आला. ओट्टोंनी घोड्याला साबणानं घासून पाहिलं, रंग निघेना. त्यांनी विचारलं, तर दलदलीच्या पाण्याचा डाग आहे, असं आयलरनं सांगितलं.

पुढं कैद्यांची सुटका झाली आणि एके दिवशी काठी टेकत लाउस्ट दारात आला. कप्तानाच्या वडिलांना भेटून दुःखाचे दोन शब्द बोलायचे, म्हणून इतक्या लांब आला होता. आयलरला समोर पाहून त्यानं टोपी काढली आणि तो रडायलाच लागला. घोडा दिसेना तेव्हा आम्ही समजलो तुम्ही गेलात, तो म्हणाला. तुरुंगात तुमच्यासाठी प्रार्थनासुद्धा केली.

ओट्टोंनी अभिमानानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात आयलरला सोसवेना.

"मी मेलो नव्हतो, लाउस्ट," तो म्हणाला. "मी घोडा रंगवला होता. मला भीती वाटत होती."

लाउस्टनं डोळे पुसले.

"आमच्या अंगावर लाल डगले होते, साहेब," तो हळूच म्हणाला. "ते कुणी रंगवायचे होते?"

कॉफी भरून ठेवली होती, ती त्यानं घेतली नाही. ओट्टोंनी मुलाच्या खांद्यावरचा हात काढला, स्वतः गाडी जोडली आणि ते लाउस्टला बंदरापर्यंत पोचवायला निघाले. आयलरला त्यांनी गेट उघडायलाही सांगितलं नाही.

परतल्यावर ओट्टो एवढंच म्हणाले, "भीती मलाही वाटली असती. पण त्या मुक्या जनावराच्या आड लपलास, आणि वर माझ्याशी खोटं बोललास. दलदलीचं पाणी म्हणे."

वसंतात लढाई पुन्हा पेटली. स्टेरला घरी ठेवून आयलर पायी गेला, आणि मागं हटला नाही, असं लोक सांगतात. लाउस्टनं दुसरी तुकडी मागून घेतली होती. छावणीत दोघं समोरासमोर आले की लाउस्ट नियमाप्रमाणे कडक सलाम ठोकी. आयलर सलाम घेई, पण वर बघणं त्याला कधी जमलं नाही.