थोरल्याने आणलेला पट्टा

माझ्या थोरल्याने सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, "आईचा हात गेला." हात कुठे गेला नव्हता. मागच्या खोलीत माझ्याच मांडीवर होता, सुजलेला. जन्मभर शिवणकामाची मोठी कात्री चालवून अंगठ्याच्या मुळाशी दुखणं बसलं होतं, एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगठा आणि मनगट धरून ठेवेल असा पट्टा लावा, बोटं मोकळी राहू द्या.

थोरल्याने सोमवारी काय आणलं? कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत फळीसारखं कडक. घास उचलता येईना.

"आराम कर गं आई."

आराम! कापायचं टेबल हवं होतं त्याला. पोटच्या पोराने दावणीला बांधलं मला.

पाच दिवस सोसलं. आज कमरेला खडू खोचला आणि एकटीच पट्ट्यांच्या दुकानात गेले. तिथल्या पोरीने आधी ताणणारा मोजा दिला. घालून अंगठा वळवला, कळ मस्तकात गेली. "याची टोपी शिव," म्हटलं. दुसऱ्यात तळव्याखाली धातूची पत्री, पण अंगठा उघडाच. दुखतंय कुठे नि टेकू कुठे! तिसऱ्याची पत्री अंगठ्याच्या कडेने मनगटापर्यंत उतरत होती. अंगठा गप्प, चारी बोटं मोकळी. आत एक बोट सरकेल इतकाच आवळला. दोन बोटांत खडू धरून रिकाम्या खोक्यावर रेघ ओढली. सरळ आली. मग मागच्या खोलीत टाकून आलेल्या त्या फळीचं सांगितलं तिला.

"आजी, आधीचा कोणी निवडला हो?"

"ज्याला माझी जागा हवी, त्याने."

परत आले तर आमच्या दुकानात आवाज चढलेले. गिऱ्हाईक वकीलसाहेब उभे, टेबलावर त्यांचा अर्धवट मखमली कोट. मखमलीची लव एका दिशेने बसते. दोन्ही बाह्या तशाच कापायच्या. थोरल्याने एक उलटी कापली होती. एक बाही काळीभोर, दुसरी राखाडी. आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "आईनेच कापलाय. सांगितलं ना, हात गेलाय तिचा."

मी मागे जाऊन नवा पट्टा काढला, त्याने आणलेली ती फळी हाताला चढवली नि पुढे आले.

"दे रे कात्री. कशी कापली ते दाखवते साहेबांना."

तो हलेना. साहेबांनीच दिली. फळीवरून घसरली आणि खणकन थोरल्याच्या पायाशी पडली.

"पट्टा कधीपासून आहे, काकू?"

"सोमवारपासून. यानेच आणला. विचारा."

"आणि कापड मी दिलं बुधवारी," साहेब थोरल्याकडे बघत म्हणाले.

थोरला कात्री उचलायला वाकला, तो वर बघेचना. मी फळी काढून त्याच्या हातात ठेवली, माझा पट्टा बांधला, उरलेली मखमल पसरली आणि बाहीची रेघ आखली.

"आजपासून रेघ माझी, कात्री तुझी. रेघ सोडलीस तर उसवत बसशील, इथे दाराशी, सगळ्यांच्या देखत. हात माझा नाही गेला रे, पत तुझी गेली. काप आता."